‘सर, हे रोज की मंगळवारी?’

या वेळच्या टपालात चार पत्रं एकाच विषयावरची निघाली, हॉस्पिटलमधले डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांचं आपसात जमतं का, आणि नसेल जमत तर का. मी फिजिशियन आहे, पंचवीसेक वर्षं वॉर्डात काढलीत, त्यामुळे उत्तरं डॉक्टरच्या बाजूने झुकली तर समजून घ्या. तरी शक्य तितकं खरं लिहितोय.

प्रश्न : मी फार्म.डी.च्या (डॉक्टर ऑफ फार्मसी) सहाव्या वर्षाला, म्हणजे इंटर्नशिपला आहे. रोज मेडिसिनच्या राउंडला जाते पण सर माझ्याकडे बघतही नाहीत. मागच्या महिन्यात दोन इंटरॅक्शन (एकत्र दिलेल्या औषधांचा एकमेकांवर होणारा परिणाम) सांगितल्या तर ‘बरं बरं, लिहून ठेव’ म्हणाले. एकदा नातेवाइकांना ‘या मेडिकलच्या मॅडम’ अशी ओळख करून दिली. एवढं शिकून आम्ही राउंडच्या शेपटाला नुसतं उभं राहायचं का? – एक वाचक, अमरावती

उत्तर : ‘मेडिकलच्या मॅडम’ वाचून हसू आलं आणि मग लाजही वाटली कारण मीही असं बोललोय. आमचं काय होतं ते सांगतो. एमबीबीएसला फार्माकॉलॉजी दुसऱ्या वर्षात संपते आणि त्यानंतर आख्ख्या कॉलेजात आम्हाला फार्मासिस्ट दिसतो तो खिडकीआड, गोळ्या मोजून देताना. तुमचा फार्म.डी. कोर्स आपल्याकडे सुरू झाला २००८ मध्ये, तोवर माझ्या पिढीचे डॉक्टर शिकून प्रॅक्टिसला लागले होते. त्यामुळे तुम्ही वॉर्डात आलात तेव्हा आम्हाला खरंच कळेना की या पोरी इथे करतायत काय, स्टूल आणून द्यायचं की केस पेपर.

माझे डोळे कसे उघडले ते सांगतो, म्हणजे पटेल. संधिवाताचे एक पेशंट न्यूमोनियाने ॲडमिट झाले. त्यांना मेथोट्रेक्सेट चालू होतं, आठवड्यातून एकदा १५ मिलिग्रॅम, दर मंगळवारी. रेसिडेंटने, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरने, जुन्या चिठ्ठीवरून सगळी औषधं चार्टवर उतरवली आणि मेथोट्रेक्सेटच्या नावापुढे ‘ओडी’ लिहून टाकलं, म्हणजे रोज. मी सही केली. हो, मीच. संध्याकाळी साडेआठला आमचा फार्मासिस्ट जिने चढून वर आला, हातात अडीच मिलिग्रॅमच्या तीन पट्ट्या आणि इंडेंटचा, म्हणजे औषधांच्या मागणीचा कागद, अंगठा नेमका त्या ओळीवर. पाच दिवसांच्या ३० गोळ्या मागितल्यात हे मोजतानाच त्याला खटकलं होतं. मला म्हणाला, ‘सर, हे रोज की मंगळवारी?’ मी दमलेलो, म्हटलं ‘चार्टवर लिहिलंय ते द्या ना.’ तो हलला नाही. म्हणाला, ‘मी त्यांच्या मिसेसना विचारून आलोय, त्या म्हणतात फक्त मंगळवारी घेतात.’ मग मी चार्ट बघितला आणि पोटात गोळाच आला. हे औषध रोज गेलं असतं तर तोंडात फोड, पांढऱ्या पेशी खाली, आणि वर न्यूमोनिया. शिवाय एवढं इन्फेक्शन असताना ते तसंही थांबवायला हवं होतं, म्हणजे चुका एक नाही दोन.

आता यात त्याने काय केलं ते नीट बघा. सगळ्यांसमोर ‘डॉक्टरांनी चूक केली’ असं म्हणाला नाही, प्रश्न विचारला. येण्याआधी घरच्यांकडून खात्री केली. आणि मी खेकसल्यावर परत गेला नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. त्या दिवसापासून त्याचा फोन आला की मी राउंड थांबवून घेतो.

तुमच्या त्या दोन इंटरॅक्शन कोणत्या होत्या ते तुम्ही लिहिलं नाहीत पण मला एक शंका येते. सॉफ्टवेअरमध्ये आठ औषधं टाकली की वीस ओळी लाल होतात, त्यातल्या अठरा आम्हाला माहीत असतात आणि त्या ठरवून स्वीकारलेल्या असतात. त्या वाचून दाखवल्या की डॉक्टरचे कान बंद होतात, मग एकोणिसावी खरी असली तरी ऐकूच जात नाही. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनवर असलेल्या माणसाला मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक सुरू झालं, हे सांगायलाच हवं, आणि नुसतं ‘इंटरॅक्शन आहे’ म्हणून थांबू नका, ‘आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ती तपासणी) परवा करूया का, की वॉरफरिनचा डोस आत्ताच कमी करायचा’ असं विचारा. आणि सरांना गाठायच्या आधी रेसिडेंटला गाठा, राउंडच्या अर्धा तास आधी. चार्ट तोच लिहितो, शिव्या तोच खातो, त्याला वाचवलंत की तो तुमचा.

आणि हो, प्रत्येक वेळी तुमचंच ऐकलं जाईल असंही नाही. ७८ वर्षांच्या एक आजी, वजन ४५ किलो, क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) १.४. कागदावर १.४ फार वाईट दिसत नाही. आमच्या क्लिनिकल फार्मासिस्टने वय आणि वजन घालून हिशोब मांडला, क्लिअरन्स, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, आली २३च्या आसपास, म्हणजे मेरोपेनेम हे अँटिबायोटिक १ ग्रॅम दर आठ तासांनी चाललंय ते बरंच कमी करायला हवं. हिशोब शंभर टक्के बरोबर. पण आजींना सेप्सिस (इन्फेक्शन अंगभर पसरलेलं) होता, बीपी नुकतं कुठे सावरत होतं, मी म्हटलं पहिले दोन दिवस पूर्ण डोस जाऊ दे, इथे औषध कमी पडण्याची भीती जास्त आहे. फार्मासिस्टला पटलं नाही, तिने तसं फाइलमध्ये लिहिलंही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी येऊन नवं क्रिएटिनीन बघून कमी केलेला डोस तयार ठेवला होता. मला असं काम करणारं माणूस हवंय. लिहून ठेव म्हणाले ना सर? मग खरंच लिहा, फाइलमध्ये, तारीख-वेळ घालून.

प्रश्न : माझी पत्नी ॲडमिट होती. हॉस्पिटलच्या फार्मसीतून डॉक्टरांना फोन गेला आणि त्यांनी इंजेक्शन बदलून दिलं. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. म्हणजे डॉक्टर चुकले होते का? आता त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा? – निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : सर, तुम्ही पेपर तपासताना बेरीज दुसऱ्याकडून तपासून घ्यायचात ना, तसंच आहे हे. फोन गेला आणि डॉक्टरांनी तो ऐकला, हे त्या हॉस्पिटलचं चांगलं लक्षण आहे. दरवेळी चूकच असते असंही नाही, कधी स्टॉकमध्ये ते इंजेक्शन नसतं, कधी किडनीमुळे डोस बदलावा लागतो, कधी आमचं अक्षर (त्याबद्दल काय बोलणार). मात्र तुम्हाला सांगायला हवं होतं, ते त्यांचं चुकलंच. डिस्चार्जच्या वेळी सरळ विचारा, ‘हे का बदललं?’ आणि ॲलर्जीमुळे बदललं असेल तर त्या औषधाचं नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, पुढच्या डॉक्टरला ते लागणार आहे.

प्रश्न : ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी आहे. स्टॉक, इंडेंट, ई-औषधीवर (औषधसाठ्याची सरकारी ऑनलाइन नोंद) एंट्री, एक्स्पायरी, वर ओपीडीची रांग, सगळं एकटाच बघतो. डॉक्टरांच्या लेखी मी स्टोअरकीपर. ‘संपलं कसं?’ एवढंच विचारायला फोन येतो. – अ. ब. क.

उत्तर : तुमचं म्हणणं खरंय आणि यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. एकटा माणूस दिवसाला दोनेकशे चिठ्ठ्या काढत असेल तर त्याने समुपदेशन कधी करायचं? २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत पेशंटला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलंय, पण रांग काही नियम वाचून थांबत नाही. पदं वाढल्याशिवाय यातलं फारसं हलणार नाही, आणि ते काम डॉक्टरांचं नाही, सरकारचं आहे.

पण ‘स्टोअरकीपर’ या शब्दाशी मी भांडेन. मी सुरुवातीला एका ग्रामीण रुग्णालयात होतो तेव्हा तिथले भाऊ (सगळे त्यांना भाऊच म्हणायचे) पावसाळ्यात रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी ड्यूटी रूमच्या फळ्यावर एक आकडा खडूने लिहून जायचे, सर्पदंशाच्या लशीच्या व्हायल किती शिल्लक. विषारी दंशाला पहिला डोसच ८ ते १० व्हायलचा, म्हणजे फळ्यावर १४ असेल तर मला तेव्हाच कळायचं की आज रात्री एक पेशंट निभेल, दुसरा आला तर पहिला डोस देतादेताच जिल्ह्याला फोन आणि ॲम्ब्युलन्स बघायची. त्यांनी कधी राउंड घेतला नाही की मला इंटरॅक्शन सांगितली नाही, पण त्या फळ्याने मला रात्री झोप लागायची. तुम्हीही महिन्याची यादी देण्याऐवजी संपत आलेली पाचच नावं, त्यांच्या जागी काय उपलब्ध आहे ते, अशी एक चिठ्ठी ओपीडीच्या टेबलावर सकाळी ठेवून बघा. ‘संपलं कसं’चे फोन निम्मे कमी होतील असं मला वाटतं. आणि एखाद्या औषधाची रिॲक्शन दिसली तर फॉर्म भरा, औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, १८००-१८०-३०२४ ही त्यांची फुकट हेल्पलाइन. फॉर्म फार्मासिस्टही पाठवू शकतो, डॉक्टरची वाट बघायची गरज नाही. डॉक्टर भरत नाहीत, मला माहितेय, मीही टाळलेत.

प्रश्न : हॉस्पिटलच्या फार्मसीत डॉक्टरांनी लिहिलेला ब्रँड न देता दुसराच देतात. हे चालतं का? – गृहिणी, ठाणे

उत्तर : शेड्यूल एचमधल्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाच्या जागी फार्मासिस्टला स्वतःच्या मनाने दुसरं देता येत नाही, घटक तोच असला तरी. पण बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत डॉक्टर आणि फार्मासिस्ट मिळून एक यादी ठरवतात, कोणत्या औषधाचा कोणता ब्रँड ठेवायचा, आणि डॉक्टरांनी त्याला आधीच होकार दिलेला असतो. तसं आहे का एवढं काउंटरवर विचारा. बहुतेक औषधांत फरक पडत नाही. फिट्सची गोळी, थायरॉइड, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, यांचा ब्रँड मात्र डॉक्टरला न कळवता बदलू नका, आणि बदललाच गेला असेल तर जुनी पट्टी फेकू नका, पुढच्या खेपेला दोन्ही पट्ट्या पिशवीत घालून घेऊन या.