दुरुस्तीवाल्याने विंडोज बदललं? मूळचं परत मिळेल
अरे, घाबरू नकोस. दुरुस्तीवाल्याने तुझ्या लॅपटॉपवर पायरेटेड विंडोज ‘प्रो’ आवृत्ती टाकली म्हणून तुझं लायसन्स गेलेलं नाही. विंडोज ८ पासून, विंडोजसकट विकलेल्या लॅपटॉपची ‘प्रॉडक्ट की’ (लायसन्सचा कोड) सहसा मदरबोर्डवरच्या (मुख्य सर्किट बोर्डवरच्या) बायोस चिपमध्ये असते. डिस्क पुसली तरी ती शाबूत राहते. मदरबोर्डच बदलला असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा बिल नीट बघ.

आधी फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढ. मग दुसऱ्या भरवशाच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरव आणि किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर बनव. पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो हं! त्यावरून लॅपटॉप सुरू (बूट) केलास की सेटअप ती ‘प्रॉडक्ट की’ स्वतःच वाचतो. मूळचं विंडोज ‘होम’ आवृत्तीचं असेल तर ‘होम’च बसेल. ड्रायव्हर (वाय-फाय, आवाज वगैरे भाग चालवणारे प्रोग्रॅम) लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरून घे.