स्वीटगम लावताय? आधी एवढं बघा

न्यू जर्सीतल्या अंगणात स्वीटगम लावायचं म्हणताय, मग झाड अगदी योग्य निवडलंत! स्वीटगम तिथलंच आहे, जगवायला फार झगडावं लागत नाही. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

पहिली गोष्ट म्हणजे जागा. हे झाड सहज 60 फुटांच्या वर जातं आणि मुळं जमिनीलगत पसरतात. घर, फरसबंदी, ड्राइव्हवे यांपासून किमान 20 फूट लांब लावा. दिवसभर ऊन हवंच. सावलीत पानांचा शरद ऋतूतला रंग फिका पडतो.

रोप ऑक्टोबरमध्ये, पानं रंगलेली असताना निवडा. बियांपासून वाढवलेल्या रोपांचा रंग प्रत्येकाचा वेगळा, कुठे गर्द लाल, कुठे नुसता पिवळा. पाच टोकांचं, चांदणीसारखं पान हातात घेऊन बघा आणि मगच पैसे द्या. या झाडाची फळं म्हणजे काटेरी बोंडं; ती नको असतील तर 'रोटुंडिलोबा' ही जात मागा. त्याला बोंडं जवळजवळ येतच नाहीत, पानांची टोकंही गोलसर असतात. अनवाणी खेळणारी मुलं घरात असतील तर मी हीच जात घ्यायला सांगेन.

नवखे लोक हमखास करतात त्या चुका:
- खोल लावणं. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे.
- आच्छादन (मातीवर पसरलेला पालापाचोळ्याचा किंवा सालींचा थर) खोडाला टेकवणं. चार बोटं जागा सोडा.
- पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी विसरणं.

माती आम्लधर्मी लागते. पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या, तर खत घालण्याआधी मातीचा पीएच (ती किती आम्लधर्मी आहे ते) तपासा. छाटणीचं इतक्यात डोक्यात आणू नका.