रात्री हाक मारली तर कोण येतं?

जूनच्या अंकात वसतिगृहाच्या प्रवेशाबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं प्रवेश मिळाल्यानंतर काय, याबद्दलची निघाली. विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत असताना मी बरीच वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते आणि आवारातच राहत होते. त्या भरवशावर उत्तरं देते आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावगाव काढलं आहे.

प्रश्न : मी सहायक प्राध्यापक आहे. या वर्षी माझ्याकडे मुलांच्या वसतिगृहाच्या रेक्टरपदाचा अतिरिक्त कार्यभार दिला आहे. सव्वादोनशे मुलं आहेत. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, घरी लहान बाळ आहे. आदेशाच्या कागदावर ‘शिस्त राखणे’ एवढंच लिहिलं आहे. जुने सहकारी म्हणतात, पहिल्या महिन्यात धाक बसवा, मग वर्षभर त्रास नाही. मुलांशी नेमकं कसं वागायचं?

उत्तर : धाक बसवण्याचा सल्ला मनावर घेऊ नका. धाकातलं वसतिगृह शांत असतं हे खरं, पण तिथली मुलं दुखलंखुपलं लपवतात. आमच्याकडे एका मुलीला बादलीत सोडायच्या हीटरचा शॉक बसला, हात भाजला आणि तिनं तो दोन दिवस ओढणीखाली झाकून ठेवला. हीटर सापडला तर पाचशे रुपये दंड, असा जुना नियम होता. तिच्या घरून जे पैसे यायचे त्यात पाचशे रुपये ही फार मोठी रक्कम होती. मी तो दंड बंद करून घेतला. हीटर मात्र काढून घेत राहिले. आणि सोलरचं गरम पाणी सकाळी आठनंतर वरच्या मजल्यावर पोचतच नाही, हे प्लंबरला बोलावून निस्तरलं. मुली हीटर लावत होत्या त्या पाण्यासाठीच. हे कुणी विचारलंच नव्हतं.

आता तुमच्या आदेशाबद्दल. रॅगिंग रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 साली विनियम काढले, त्यात प्रत्येक वसतिगृहाला पूर्णवेळ वॉर्डन, म्हणजे आपल्याकडचा रेक्टर, हवा असं म्हटलं आहे. तो वसतिगृहात किंवा निदान अगदी जवळ राहणारा हवा. शिस्त सांभाळण्याबरोबरच वर्गाबाहेर तरुणांशी बोलण्याचं, त्यांना समजून घेण्याचं कसब त्याच्याकडे हवं. तो कोणत्याही वेळी भेटायला हवा, त्यासाठी संस्थेने त्याला मोबाइल द्यायचा आणि तो नंबर सगळ्या मुलांना कळवायचा. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना, दिवसभर तास घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला झोपायला जाणाऱ्या माणसावर हे पद ‘अतिरिक्त’ म्हणून टाकायचं, हा मुलांवर अन्याय आहे आणि तुमच्यावरही. त्यामुळे आधी लेखी अर्ज द्या. आवारात निवास, तासिकांचा भार कमी, सोबत दोन सहायक रेक्टर आणि रात्रपाळ्यांचं लेखी वेळापत्रक मागा. बाळाचं कारण त्यात लिहायची गरज नाही. बाळ नसतं तरी हे मागणं योग्यच असतं.

अर्जाचं उत्तर यायला वेळ लागेल. तोवर एक प्रश्न मिटवून टाका : रात्री अकरानंतर या आवारात जबाबदार मोठं माणूस कोण? त्याचं नाव नोटीस बोर्डावर लावा. रुग्णालयात न्यायला कुणाची गाडी, थोडी रोख रक्कम कुठल्या कपाटात, गच्चीची आणि मागच्या फाटकाची किल्ली कुणाकडे, हे त्याला आणि वॉचमनला दोघांनाही पाठ हवं. मुलाच्या पोटात दुखायला लागलं की ते साधारण रात्री दोनलाच लागतं, आणि त्या वेळी ‘साहेबांना विचारतो’ म्हणणारा वॉचमन काही कामाचा नाही.

आठवड्यातून दोनदा तरी मुलांबरोबर मेसमध्ये जेवा. वेगळ्या टेबलावर नको, त्यांच्या बाकावर. ‘काही प्रॉब्लेम आहे का?’ असं विचारलं की सगळे ‘नाही सर’ म्हणतात. त्यापेक्षा घरी फोन झाला का, भावाची दहावी कशी चालली आहे, गावाकडे पेरणी झाली का, हे विचारा. पहिल्या दीड-दोन महिन्यांत नवी मुलं जास्त हेलकावतात. बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला इथे अख्खा तास इंग्रजीत ऐकून काही कळत नाही, आणि तो ते कुणाला सांगत नाही. तो नुसता तासाला जायचा बंद होतो.

मेसच्या थकबाकीची यादी दर महिन्याला स्वतः वाचा, क्लार्कवर सोडू नका. माझ्याकडे रडत आलेल्या मुलींपैकी पुष्कळजणींचं दुखणं आधी पैशाचं होतं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती रखडलेली, मेसवाल्याचा तगादा, आणि घरी सांगितलं तर शिक्षण बंद होईल ही भीती. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. योजना असतात, पण अर्जाला लागणारा कुठला तरी एक दाखला अडलेला असतो. मुलाला शेजारी बसवून तो अर्ज पूर्ण करून घेणं हे रेक्टरचंच काम आहे, असं मी मानते. मेसवाल्याला महिनाभर थांबायला सांगणं हेसुद्धा.

एका बाबतीत मात्र एकट्यानं काही करू नका. एखादा मुलगा ‘जगावंसं वाटत नाही’ असं म्हणाला, चिठ्ठी लिहिली, किंवा स्वतःला इजा केली, तर त्या क्षणापासून त्याला एकटं सोडायचं नाही. समजूत घालत रात्र काढू नका, डॉक्टरांकडे न्या. पोलिसांची भीती घालू नका आणि मुलांनाही घालू देऊ नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 च्या कलम 115 प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा करायची नसते. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. तो मुलांसाठी भिंतीवर लावा आणि स्वतःच्या फोनमध्येही ठेवा. अशा एका रात्रीनंतर तुम्हालाही कुणाशी तरी बोलावं लागेल.

प्रश्न : माझी मुलगी 21 वर्षांची आहे, एम.एस्सी. करते. दिवाळीत कळलं की ऑगस्टपासून ती विद्यापीठाच्या समुपदेशकांकडे जाते. रेक्टर मॅडमना हे माहीत होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘ते तिनंच तुम्हाला सांगायला हवं.’ मुलगी आमची, पैसे आम्ही भरतो आणि आम्हालाच सांगत नाहीत?

उत्तर : ताई, तुमची तगमग समजते. तरीही मॅडमनी बरोबर केलं. मुलगी सज्ञान आहे, आणि उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त राहणं हा 2017 च्या त्याच कायद्याने दिलेला हक्क आहे. जीवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सांगता येतं आणि सांगायलाच हवं. पण ‘घरी कळवतील’ अशी नुसती शंका आली तरी मुली समुपदेशकांच्या दारापर्यंतही जात नाहीत. तुमची लेक गेली. ऑगस्टपासून जाते आहे म्हणजे तिला तिथे काहीतरी मिळतं आहे. ही काळजी वाढवणारी नाही, धीर देणारी बातमी आहे.

तिला ‘तिथे काय बोलतेस?’ असं विचारू नका. ‘बरं वाटतंय ना तिकडे जाऊन?’ एवढं विचारा आणि ती सांगेल तितकंच ऐका. लोक काय म्हणतील, पुढे स्थळं बघताना अडचण येईल, हे विषय कृपा करून काढू नका. तिला शिक्षण सोडवून घरीही आणू नका.

रेक्टर मॅडमना पुन्हा भेटा, पण वेगळं मागणं घेऊन. ‘तिच्या जीवाला धोका वाटला तर मध्यरात्रीही मला फोन कराल ना?’ असं विचारा. त्यांनी हो म्हटलं, की तुमचा आणि घरातल्या आणखी एकाचा नंबर त्यांच्या रजिस्टरात लिहून या. फॉर्मवर ‘स्थानिक पालक’ म्हणून कुणाचं नाव आहे तेही बघा. रकाना भरायचा म्हणून लांबच्या मावसभावाचं नाव टाकलेलं असतं आणि त्या बिचाऱ्याला मुलीचा वर्गही ठाऊक नसतो. रात्री स्कूटर काढून येईल असं माणूस तिथे हवं.

प्रश्न : मला वसतिगृह मिळालं नाही, म्हणून मित्राच्या खोलीत ‘पॅरासाईट’ म्हणून राहतो. वरच्या वर्गातली दोन मुलं रात्री त्रास देतात, कपडे धुवायला लावतात, मारतातही. तक्रार केली तर मला आणि मित्रालाही बाहेर काढतील. काय करू?

उत्तर : तक्रार कर, आजच. तू तिथे नियमाने राहतोस की नाही हा एक प्रश्न, तुला मारणं हा वेगळा गुन्हा. पहिल्यामुळे दुसरा माफ होत नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकलं की पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते. रेक्टरकडे जायचा धीर होत नसेल तर 1800-180-5522 या देशभरच्या हेल्पलाइनवर फोन कर. सोबत तुला विश्वास वाटेल अशा एखाद्या प्राध्यापकांना सगळं सांग आणि झोपायची जागा बदल. आणि रेक्टर मंडळींना माझी विनंती : अशा मुलाला बाहेर काढण्याआधी त्या रात्री तो कुठे झोपणार, हे आधी ठरवा.

प्रश्न : माझी आई मुलींच्या वसतिगृहात ठेकेदाराकडून कामाला आहे. ती सांगते तसं लिहिते : ‘एक पोरगी दहा-बारा दिवस झाले मेसला येत नाही. खोली झाडायला गेलं की पांघरूण घेऊन पडलेली असती. केस विंचरत नाही. आधी माझ्याशी लई बोलायची. मॅडमला सांगावं का? सुपरवायझर म्हणतो, आपलं काम झाडायचं, यात पडू नको, काम जाईल.’

उत्तर : हे पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी त्यावरच्या नंबरवर फोन केला. मावशींनी संध्याकाळी रेक्टरबाईंना सांगितलं आणि ती मुलगी आता डॉक्टरांकडे जाते आहे. तिच्याबद्दल इथे याहून जास्त लिहिणार नाही. उत्तर छापते आहे ते इतर वसतिगृहांतल्या मावश्यांसाठी, मेसच्या आचाऱ्यांसाठी आणि वॉचमन काकांसाठी.

मावशी, तुम्ही जे पाहिलंत ते आमच्या कुठल्याही रजिस्टरात येत नाही. बोटाच्या ठशाची हजेरी लागली की यंत्राच्या लेखी मुलगी ठीक असते. ताट कुणी घेतलं नाही, बादली सुकी आहे, दोरीवर कपडे नाहीत, डस्टबिनमध्ये नुसती बिस्किटांची पाकिटं आहेत, हे तुम्हाला दिसतं. माझ्या काळात मला बऱ्याच गोष्टी सर्वांत आधी मावश्यांकडूनच कळायच्या. सकाळी ऑफिस उघडायच्या आधी त्या चहाला माझ्याकडे यायच्या. कुणाची तक्रार नाही की चुगली नाही, फक्त ‘बारा नंबरची जेवली नाही’ इतकंच. मग त्या मुलीला भेटायला काहीतरी निमित्त काढणं माझं काम.

सांगताना जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच सांगा. प्रेमप्रकरण असेल, घरी भांडण असेल, असले अंदाज जोडू नका. दुसऱ्या मुलींसमोर बोलू नका. मुलीनं ‘कुणाला सांगू नका’ म्हटलं असेल तर तिला स्पष्ट सांगा, की मॅडमना सांगावं लागेल, मी तुझ्यासोबत येते. वचन देऊन मोडण्यापेक्षा हे बरं. आणि ती मरणाबद्दल बोलली तर झाडू तिथेच ठेवा, तिच्याजवळ बसा आणि दुसऱ्या मुलीला पळत पाठवा मॅडमकडे.

सुपरवायझरच्या धमकीबद्दल मला विद्यापीठांच्या अधिकाऱ्यांशी बोलायचं आहे. 1924 साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची, आणि त्यांच्या तोंडात घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आपण भाषणांत त्यांचं नाव आदरानं घेतो आणि आज तेच काम करणाऱ्या बाईला अकरा महिन्यांच्या ठेक्यावर ठेवतो. तिच्याकडून त्याग मागू नका. तिला नियमित पगार द्या, महिन्यातून एकदा रेक्टरबरोबरच्या बैठकीत खुर्ची द्या, मुलीला घाम फुटला किंवा ती बोलेनाशी झाली तर काय करायचं याचं एक दिवसाचं प्रशिक्षण द्या. मुलीच्या काळजीपोटी काही कळवलं म्हणून कुणाला कामावरून काढता येणार नाही, असं ठेक्याच्या करारातच लिहून घ्या. याला निधी लागत नाही, एक ओळ लागते.

मावशी, रेक्टरबाईंकडून एक काम करून घ्या. तुम्ही त्यांना थेट येऊन सांगू शकता, मध्ये सुपरवायझर नाही, असं दोन ओळींचं पत्र त्यांच्या सहीनं मागा आणि त्याची झेरॉक्स घरी ठेवा. एवढं करूनही ठेकेदारानं तुम्हाला कमी केलंच, तर लेकीला मला पुन्हा लिहायला सांगा. मी स्वतः येऊन विद्यापीठात बोलेन.