दगडासारख्या ठोकळ्यातून पेन कातताना टवके उडू नयेत म्हणून काय करावे?

दगडाची पूड आणि अ‍ॅक्रिलिक राळ यांपासून बनवलेला ठोकळा लेथवर कातताना फुटतो, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अशा ठोकळ्यांचे बहुतेक नुकसान कातण्याआधी, भोक पाडतानाच होते. हा पदार्थ लाकडासारखा दबत नाही, त्यामुळे ड्रिल दुसऱ्या टोकातून बाहेर पडताना तेथील पातळ थर उचकटला जातो. म्हणून ठोकळा पेनच्या आत, या भोकात बसणाऱ्या पितळी नळीपेक्षा सुमारे 1 सेंटिमीटर लांब ठेवावा, भोक आरपार न नेता थोडे आधी थांबवावे आणि बंद टोक नंतर करवतीने कापून टाकावे. नव्या धारेचे ड्रिल कमी वेगाने चालवावे आणि दर काही मिलिमीटरला ते बाहेर काढून भुकटी झटकावी व बिट गार होऊ द्यावे. उष्णतेने येणारी बारीक चीर तेव्हा दिसत नाही, पण कातताना नेमकी तिथेच फूट पडते.

पितळी नळी खरबरीत करून इपॉक्सी गोंदाने बसवावी, कारण नळीमागे पोकळी राहिली तर वरच्या कवचाला आधार उरत नाही. ठोकळ्याचे कोपरे आधीच घासून काढावेत. त्यानंतर कार्बाइडचे पाते तिरके धरून अगदी हलके काप घ्यावेत आणि दोन्ही टोकांकडून मध्याकडे यावे, मध्याकडून टोकांकडे जाण्याचा मोह टाळावा. शेवटचा अर्धा मिलिमीटर मी पात्याने काढतच नाही. तो पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने उतरवतो, ज्यामुळे धूळही उडत नाही. कोरडे काम करताना मात्र धुळीचा मास्क अनिवार्य समजावा.