क्रूझ जहाजांना टग का लागतात, आणि टगवर करिअर करावं का?

पत्रातला प्रश्न: ‘मोठी क्रूझ जहाजं आपली आपण आडवी सरकत धक्क्याला लागतात, असं व्हिडिओत पाहिलं. मग कधीकधी त्यांना टग (मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या, ताकदवान बोटी) का बोलवावे लागतात? मला टगवर काम करायचं आहे. घरचे म्हणतात, नव्या जहाजांमुळे हे काम संपणार. खरं आहे का?’

प्रिय विद्यार्थिमित्रा,

हे काम संपणारं नाही. का, ते आकड्यांतच पाहू.

जहाजाच्या पुढच्या भागात पाण्याखाली आरपार बोगदे असतात आणि त्यांत पंखे बसवलेले असतात. हेच थ्रस्टर. मागे बऱ्याच मोठ्या क्रूझ जहाजांना गोल फिरणारे पॉड, म्हणजे जहाज ढकलणारे पंखे बसवलेले मोटरचे डबे, असतात. वारा बेताचा असेल तर एवढ्यावर भागतं. टगचे पैसे मोजावे लागतात, दोर बांधण्या-सोडण्यात वेळ जातो, त्यामुळे कॅप्टन शक्यतो टग घेतच नाही.

खरी अडचण वाऱ्याची. असं जहाज पाण्याखाली जेमतेम ८-९ मीटर असतं आणि वर ५०-६० मीटर उंच भिंत उभी असते. पायलट (बंदरात जहाजाला वाट दाखवणारे तज्ज्ञ) एक ढोबळ हिशेब वापरतात: वाऱ्याच्या वेगाचा (मीटर प्रतिसेकंद) वर्ग, गुणिले वारा अडवणारं क्षेत्रफळ (चौरस मीटर), भागिले १८,०००. उत्तर टनांत येतं. क्षेत्रफळ १२,००० चौरस मीटर धर. १० मीटर वेगाचा वारा आडवा आला तर सुमारे ६७ टन जोर. १५ मीटरला १५० टन. वेग दीडपट झाला, पण जोर सव्वादोन पट.

त्यातला निम्मा, म्हणजे ७५ टन, पुढच्या बाजूने थ्रस्टरनी पेलायचा, उरलेला मागच्या बाजूने. २ मेगावॉटचा एक थ्रस्टर साधारण ३० टन जोर देतो. तीन असले तर ९० टन, म्हणजे हाताशी फक्त १५ टन शिल्लक. एक बंद पडला की ६० टनच उरतात आणि वारा जहाजाला धक्क्यावर नेऊन आपटतो. शिवाय जहाज पुढे चालत असताना थ्रस्टरचा जोर घटतो. ५ नॉटच्या (सागरी मैल प्रतितास) वेगाला फारसा उरत नाही. अशा वेळी ६०-७० टन बोलार्ड पुलचा (म्हणजे जागेवर उभं राहून ओढण्याच्या ताकदीचा) एक टगसुद्धा पारडं फिरवतो. म्हणूनच बऱ्याच बंदरांत वाऱ्याची मर्यादा ओलांडली, किंवा थ्रस्टर वा पॉड नादुरुस्त असला, की टग घ्यावाच लागतो.

अरुंद वाटेत टग मागे दोर बांधून ब्रेकसारखाही चालतो. त्यालाही मर्यादा आहे. २ जून २०१९ रोजी व्हेनिसमध्ये ‘एमएससी ऑपेरा’च्या इंजिनावरचं नियंत्रण गेलं, टग जोडलेले होते, पण ताणाने दोर तुटला आणि जहाज धक्क्याला आणि तिथे उभ्या असलेल्या पर्यटक बोटीला धडकलं.

आता कामाबद्दल. क्रूझ जहाजाला टग कुठेही टेकवता येत नाही. पत्रा पातळ असतो, म्हणून आतून मजबूत केलेल्या, बाहेर खूण केलेल्या जागीच ढकलायचं. वर बाहेर आलेल्या लाइफबोटींना टगचा मास्ट (डोलकाठी) लागणार नाही, हेही पाहायचं. आखूड दोराने ओढलं तर टगच्याच पंख्याचं पाणी जहाजावर आदळून जोर वाया जातो. सगळ्यात जीवघेणा धोका दोर आडवा ताणला जाण्याचा: टग कलतो, डेकची कड पाण्यात जाते आणि काही सेकंदांत तो उलटतो. त्यासाठी दोर तत्काळ सोडणारी यंत्रणा असते आणि काम चालू असताना जलरोधक दारं बंदच ठेवतात. हे कौशल्य यंत्राने सहज मागे पडेल, असं मला वाटत नाही.

वाट अशी: डेक कॅडेट (शिकाऊ अधिकारी), मग एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे वॉचकीपिंग अधिकारी, म्हणजे पाळीत जहाज चालवण्याची जबाबदारी असलेला अधिकारी. मान्यताप्राप्त प्रशिक्षणक्रमातून गेलं तर किमान १२ महिने समुद्रसेवा लागते, एरवी ३६ महिने. टगवर थेट खलाशी म्हणूनही सुरुवात होते, पण मोठ्या जहाजाचं प्रमाणपत्र असलं तर पुढे पायलट होण्याचा रस्ताही खुला राहतो, म्हणून माझा कल पहिल्या वाटेकडे. यंत्रांची ओढ जास्त असेल तर इंजिन विभाग किंवा इलेक्ट्रो-टेक्निकल अधिकारी हा पर्याय तितकाच चांगला.

कुठल्याही संस्थेत फी भरण्याआधी डोळे तपासून घे, मुख्यतः रंगांची ओळख. रात्री समोरच्या जहाजाची दिशा लाल-हिरव्या दिव्यांवरून कळते. तो फरक दिसत नसेल तर डेक अधिकारी होता येत नाही.