एजन्सी की कंपनीची स्वतःची टीम: लग्नाच्या बिलातले तीन पैसे

तुझा प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याहून रोज पणजीला वेबसाइट बनवून देणाऱ्या एजन्सीत येतेस, दोन वर्षं झाली, आता पर्वरीच्या एका कंपनीची ऑफर आलीय. त्यांची स्वतःची वेब टीम आहे. पगार थोडा जास्त, पण वर्षानुवर्षं एकाच साइटवर काम करून गंजून जाईन का, ही भीती. मी दोन्हीकडे काढलीत. २०१३ ते २०१९ एजन्सीत, आणि तेव्हापासून हॉटेलं चालवणाऱ्या एका कंपनीच्या टीममध्ये. वयाने बराच मोठा आहे, म्हणून सरळ अगं-तुगं करतोय.

एजन्सीला नावं ठेवणार नाही. सहा वर्षांत चाळीसेक साइट केल्या: गेस्ट हाउस, दातांचे डॉक्टर, एक बेकरी, काय वाटेल ते. चवथ, म्हणजे आपली गणेशचतुर्थी, आटोपली की सगळ्यांना एकदम पर्यटकांचा सीझन आठवायचा आणि ऑक्टोबरच्या आत साइट हवी असायची. त्यात मी एक गोष्ट पक्की शिकलो, ती म्हणजे समोरच्याला नक्की काय नकोय ते ओळखणं. एका होमस्टेवाल्याला पूर्ण बुकिंग सिस्टिम हवी होती. खोल्या चार, आणि सगळं बुकिंग व्हॉट्सॲपवर. त्याला दरांचं एक पान आणि व्हॉट्सॲपचं बटण करून दिलं, तो खूश. हे कॉलेजात कोणी शिकवत नाही.

पण साइट सोपवली, शेवटचा चेक आला की त्या कोडचा आणि माझा संबंध संपायचा. मी चांगलं लिहिलं की वाईट, हे मला कधी कळलंच नाही.

ते कळलं इकडे आल्यावर. पहिल्याच महिन्यांत, एजन्सीच्या सवयीने, डेटाबेसमध्ये बिलांचं एक टेबल घाईत बनवलं. डिसेंबर संपल्यावर अकाउंट्सच्या ताई खालच्या मजल्यावरून प्रिंटआउट घेऊन वर आल्या. एका आकड्याभोवती पेन्सिलीने गोल. तीन पैशांचा फरक. मी हसलो, म्हटलं राउंडिंग असेल. फेब्रुवारीत पुन्हा आल्या. मेमध्ये फरक शून्य, जूनमध्ये शून्य, मी विसरलो. पुढच्या डिसेंबरात परत पेन्सिल.

शेवटी त्यांनीच सांगितलं, "तुमचा घोळ लग्नांच्या महिन्यांत होतो." तिथे ट्यूब पेटली. रकमेचा कॉलम मी फ्लोट, म्हणजे दशांश आकडा अंदाजे साठवणारा प्रकार, ठेवला होता. मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसच्या साध्या फ्लोटमध्ये सात-एक आकडेच धड राहतात. एका खोलीच्या बिलाला तेवढं पुरतं, पण लग्नाच्या पार्टीचं बिल लाखाच्या वर गेलं की मागचे पैसे हलायला लागतात. हे कोणी लिहिलं म्हणून गिट ब्लेम मारलं (कोडची कोणती ओळ कोणाची ते दाखवणारी कमांड), तर माझंच नाव.

कॉलमचा प्रकार बदलला आणि झालं, असं नसतं. तो कॉलम सतरा ठिकाणी वाचला जात होता आणि हॉटेल तर बंद ठेवता येत नाही. म्हणून शेजारी नवा कॉलम घातला, रक्कम पैशांत, पूर्णांकात. काही दिवस दोन्हीकडे लिहीत राहिलो. जुनी बिलं रात्री थोडी थोडी करून नव्यात भरली, जिथे पैसे हलले होते तिथे कागदी बिलं ताईंसोबत बसून तपासली. मग वाचणारी एकेक जागा नव्याकडे वळवली आणि अगदी शेवटी जुना कॉलम उडवला. तीन आठवडे गेले. स्क्रीनवर काडीचाही फरक दिसला नाही. एजन्सीत याचं बिल मी कोणत्या तोंडाने लावलं असतं?

जीएसटीचंही तसंच. १ जुलै २०१७ला तो आला तेव्हा क्लायंटांच्या साइटवर मी दर सरळ कोडात ठोकून मोकळा झालो होतो. इकडे १८ जुलै २०२२ला हजाराखालच्या खोल्यांची सूट गेली, २२ सप्टेंबर २०२५ला साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्या १२ वरून ५ टक्क्यांवर आल्या. नुसता आकडा बदलला तर जुनं बिल पुन्हा छापताना नवा दर येतो. म्हणून दरासोबत 'कधीपासून' हेही साठवावं लागतं. तेव्हा गंजण्याची भीती सोड. नवनवीन फ्रेमवर्क, म्हणजे साइट बांधायचे तयार सांगाडे, कमी भेटतील हे मात्र खरं, आणि लोकांना दाखवायला पोर्टफोलिओत फारसं काही उरत नाही.

पैशांचं एवढंच सांगतो. एजन्सीचा पगार शेवटी क्लायंटच्या लहरीवर चालतो. "चवथीनंतर बघू" हे मी मे महिन्यातही ऐकलंय. बिल फाडलं की त्यावरचा १८ टक्के जीएसटी सरकारला भरायचा, क्लायंटने दमडी दिली नसली तरी. आमचे पात्रांव, म्हणजे मालक, बिचारे चांगले होते, पण दोनदा आमचा पगार लांबला तो यामुळेच.

कंपनीतला जाच वेगळा. तिथे काम 'झालं' असं कोणी म्हणतच नाही. एका बटणाच्या रंगावर मार्केटिंग, फ्रंट ऑफिस आणि मालकांचा मुलगा अशा तिघांचं एकमत व्हायला आमचे दोन महिने गेलेत. सही करण्याआधी त्यांना विचार: नवा कोड चालू साइटवर कोण चढवतं आणि आठवड्यातून किती वेळा? रात्री साइट पडली तर फोन कोणाला जातो? शेवटचा मोठा घोळ कोणता झाला होता, कसा निस्तरला? या तिसऱ्या प्रश्नाला "आमच्याकडे घोळ होत नाहीत" असं उत्तर आलं तर मी तरी जाणार नाही. घोळ मोकळेपणाने सांगितला तर खुशाल जा.

नोटीस पिरियड नीट वाच, तीन महिन्यांचा असला तर पुढे अडकशील. आणि एजन्सीच्या क्लायंटांना स्वतःचा नंबर दिला असशील तर तयारीत राहा. मला एक जण अजून दर ऑक्टोबरला फोन करतो, स्लायडरमधले फोटो बदलायला.