दोघांचंही माप बरोबर होतं

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत माझं १४ माणसांचं मशिनिंगचं युनिट आहे. महापेच्या एका कंपनीला प्लेटिंग केलेले (धातूचा पातळ थर चढवलेले) शाफ्ट, म्हणजे गोल दांडे, पुरवतो. परचेस म्हणतं माल पाठवा, क्वालिटी म्हणतं थांबा, स्टोअर्स म्हणतं पीओवर (खरेदी ऑर्डरवर) ड्रॉइंगची रिव्हिजन जुनी आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर २३ जण. विचारलं की निळ्या टिका दिसतात, उत्तर येत नाही. परवा दोनशे नग डेबिट नोटसकट, म्हणजे पैसे कापल्याच्या कागदासकट, परत आले. ताई, यांच्याशी जमवून कसं घ्यायचं?
— एक वाचक, कळवा

उत्तर : तुमच्यासारख्यांना ताटकळत ठेवणाऱ्या खुर्चीत मी २६ वर्षं बसले. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत बाहेरून काम करून घेण्याचं खातं माझ्याकडे होतं. त्यामुळे आधी माझीच चूक सांगते.

शाफ्ट २५ मिलिमीटरचा, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एच ७ (छोटा एच). म्हणजे माप २४.९७९ ते २५.००० मध्ये हवं. सगळी मिळून २१ मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) जागा. वर झिंक प्लेटिंग. मशिनिंगवाल्याने माप अगदी वरच्या टोकाला, २४.९९५ ठेवलं. त्याच्या मायक्रोमीटरवर पास. प्लेटिंगवाल्याने सांगितल्याप्रमाणे ८ मायक्रॉनचा थर दिला. तोही पास. पण थर दोन्ही अंगांना चढतो, व्यास १६ मायक्रॉनने वाढतो. आमच्याकडे आला तेव्हा शाफ्ट २५.०११. रिजेक्ट! महिनाभर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत होते आणि मी दोघांना कडक मेल पाठवत होते.

शेवटी पावसाळ्यात, विटाव्याच्या पुलाखाली पाणी तुंबलेलं असताना, चार शाफ्ट पिशवीत घालून मी वागळे इस्टेटला प्लेटिंगवाल्याकडे गेले. मशिनिंगवाल्यालाही तिथेच बोलावलं. एकाच टेबलावर, एकाच मायक्रोमीटरने, प्लेटिंगआधी आणि नंतर मोजलं. वीस मिनिटांत उलगडा झाला. ड्रॉइंगवर माप ‘प्लेटिंगनंतर’ असं लिहिलंच नव्हतं. ड्रॉइंग आमचं. चहा मी पाजला. तिथेच ठरलं : लेथवर २४.९७० ते २४.९८० ठेवायचं, बाकीची जागा प्लेटिंगची. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगवर तशी नोट घातली.

तुमचे दोनशे नग असेच आहेत असं मी म्हणत नाही. पण डेबिट नोटवर वाद घालण्याआधी त्यातले पाच उचला आणि महापेच्या इन्स्पेक्शन टेबलावर त्यांच्यासमोर मोजा. तुमचा प्लेटिंगवाला सोबत हवाच. त्याला कुणी मीटिंगला बोलावत नाही, त्याचं नाव फक्त मालासोबतच्या चलनावर असतं.

तेवीस जणांचा ग्रुप गणपतीची वर्गणी काढायला बरा. तिथे प्रश्न टाकला की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणी बघेल. परचेसच्या साहेबांना एकच मेल करा : ड्रॉइंग बदललं तर कळवणार कोण, माप थोडं बाहेर गेलं तर चालवून घेण्यावर सही कोणाची, आणि तारीख पुढे-मागे करायची तर बोलायचं कोणाशी. तीन कामं, तीन नावं. एकाच कामावर दोन नावं आली तर पुन्हा विचारा. तुमचं घोडं तिथेच अडलंय.

आणि घरचंही बघा. तुमच्या लेथला चुंबकाने चिकटवलेली तेलकट प्रिंट कोणत्या रिव्हिजनची आहे? मी पैज लावते, जुनी असेल. नवी आली की जुनी परत घेऊन फाडायचं काम एकाच माणसाला द्या.

माल पोचून किती दिवसांनी परत आला, ते तुम्ही लिहिलं नाही. २००६च्या एमएसएमई (छोट्या-मध्यम उद्योगांच्या) कायद्यानुसार १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पैसे देण्याची मुदत मोजण्यासाठी माल पोचल्याच्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. आणि लेखी करार काहीही म्हणो, मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, केली नसेल तर करून टाका. पण हा कागद पहिल्या भेटीत काढू नका. आधी मायक्रोमीटर काढा.

प्रश्न : आमचे सेल्सवाले ग्राहकाला तारीख देऊन मोकळे होतात, प्रॉडक्शनला दुसऱ्या दिवशी कळतं. मॅनेजमेंटने एकोपा वाढावा म्हणून कर्जतला सहल काढली आहे. उपयोग होईल?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : सहलीला जा, हवा बदलेल. पण सेल्सचा इन्सेंटिव्ह ऑर्डर घेतली त्या दिवशी मिळतो की माल वेळेवर गेला त्या दिवशी, हे अकाउंट्समध्ये विचारून या. ऑर्डरच्या दिवशी मिळत असेल, तर ते प्रॉडक्शनला फोन कशाला करतील? निम्मा इन्सेंटिव्ह डिस्पॅचच्या तारखेला बांधा. पुढच्याच आठवड्यात सेल्सवाला शॉपफ्लोअरवर येऊन मशीन कधी मोकळं होतंय ते विचारेल.